गौडबंगाल हा शब्द आला तरी कुठून?

नाशिकरोडचा_बंड्या

मंडळी एक शंका. आमच्या सोसायटीच्या मिटिंगमध्ये ह्या एका शब्दावरून असला राडा झाला की विचारू नका, म्हणून म्हटलं इथल्या जाणकारांना विचारावं.

झालं असं की उन्हाळ्यात आमचं बोअर आटतं, मग टँकर मागवावे लागतात. तर टँकरची बिलं आणि वॉचमनच्या वहीतल्या नोंदी काही जुळेनात, वहीत टँकर कमी आणि बिलात जास्त. चौथ्या मजल्यावरचे काका उठले आणि म्हणाले, "ह्यात काहीतरी गौडबंगाल आहे." झालं! खजिनदार ताडकन उभे, म्हणे तुम्ही मला चोर म्हणताय. काका म्हणे मी कुणाचं नाव घेतलंय का, गौडबंगाल म्हणजे जे कळत नाही ते, गूढ, एवढंच. खजिनदार म्हणे मराठी आम्हालाही येतं. हे चालू असताना आमच्या एक शेजारीण आहेत, मूळच्या कोलकात्याच्या पण मराठी फर्स्टक्लास बोलतात, त्यांनी शांतपणे विचारलं, "सगळं ठीक आहे, पण टँकर नाशिकचा, बिल नाशिकचं, मग ह्यात बंगाल कुठून आला?" सगळे गप्प. कुणालाच सांगता येईना.

घरी आल्यावर वडलांना विचारलं तर ते म्हणाले प्लासीच्या लढाईत मीर जाफरने जी गद्दारी केली ना १७५७ ला, त्यावरून आला असेल. ऑफिसात एकजण म्हणाला मूळ शब्द "गोडबंगाल", म्हंजे गोड बोलून फसवणे. मला दोन्ही पटत नाहीये. तर नक्की काय आहे हे? आणि मुख्य म्हणजे काकांचं बरोबर की खजिनदारांचं, ते पण सांगा, कारण पुढची मिटिंग जवळ आलीये.

---

पंचवटीची_माई

अरे बंड्या, घरात नवनाथांची पोथी कधी वाचली गेली नाही का रे? श्रावणात आमच्याकडे सासूबाई पारायण करायच्या, दारापर्यंत उदबत्तीचा धूर, आणि आम्ही सुना स्वयंपाक करता करता ऐकायचो. त्यात येतं की "गौडबंगाल" देश! तिथलं हेळापट्टण नगर, तिथला राजा गोपीचंद आणि त्याची आई मैनावती.

जालिंदरनाथ त्या गावात येतात तेव्हा गाईंसाठी गवताचा भारा घेऊन बाजारातून चाललेले असतात, आणि भारा डोक्यावर नसतोच, डोक्याच्या वर अधांतरी चाललेला असतो, वाऱ्यानेच धरलेला! मैनावती राजवाड्याच्या गच्चीवरून ते बघते आणि ओळखते की हे प्रकरण साधं नाही, आणि मग त्यांनाच गुरू करते. इकडे गोपीचंदाची पट्टराणी लुमावंती त्याचे कान भरते की तुझ्या आईचं आणि ह्या जोग्याचं काहीतरी शिजतंय, राज्य बळकावणार तुझं. गोपीचंद काय करतो, रातोरात नाथांना खड्ड्यात टाकतो आणि वरून घोड्याची लीद लोटून देतो. पुढे वर्षानुवर्षांनी कानिफनाथ येतात, गुरूंचा शोध घेतात, त्यांना सगळं कळतं. पण खड्डा उघडल्यावर जालिंदरनाथांचा राग गोपीचंदावर निघणार, मग वाचवायचा कसा त्याला? तर सोन्याचे रुप्याचे तांब्याचे असे गोपीचंदाचे पुतळे करवून घेतात आणि खड्ड्याच्या काठावर एकेक पुतळा पुढे धरतात. नाथ आतून विचारतात कोण रे, गोपीचंद म्हटलं की पुतळा जळून भस्म. दुसरा, भस्म. असे सगळे पुतळे गेले तेव्हा कुठे राग उतरला, आणि खरा गोपीचंद वाचला.

आता मला सांग, ज्या देशात गवताचे भारे हवेत चालतात आणि सोन्याचे पुतळे नुसत्या शापाने जळतात, त्या देशाचं नाव कशासाठी वापरणार माणसं? आम्ही लहान असताना एखादी वस्तू ठेवल्या जागी सापडली नाही तर आजी म्हणायची, "काय गौडबंगाल आहे बाई". वडलांना सांग, मीर जाफरचा काही संबंध नाही.

---

वणीकर

माईंनी बरोब्बर धरलंय. थोडा भूगोल जोडतो कारण त्या शेजारीण बाईंचा प्रश्न भूगोलाचाच आहे.

गौड आणि बंगाल ही मुळात दोन नावं आहेत. गौड म्हणजे साधारण बंगालचा वायव्येकडचा भाग, सातव्या शतकात शशांक नावाचा राजा होऊन गेला तो गौडाचाच. पुढे त्याच नावाचं शहर राजधानी झालं, गौर म्हणतात त्याला, त्याचे अवशेष आज पश्चिम बंगालच्या मालदा जिल्ह्यात आहेत आणि थोडा भाग सीमेपलीकडे बांगलादेशात. १५७५ ला तिथे रोगाची साथ आली आणि शहर ओस पडलं ते पडलंच. वंग किंवा बंगाल म्हणजे त्याच्या पूर्वेचा-दक्षिणेचा, नद्यांच्या जाळ्यातला मुलूख. दोन्ही जोडून गौडबंगाल, म्हणजे तिकडचा सगळा प्रदेश. गोडाशी संबंध लावायचाच असेल तर गुळाशी लावतात काहीजण, गुड-गौड असा, पण "गोड बोलून फसवणे" हे ऑफिसवाल्याने जागच्या जागी तयार केलेलं दिसतंय.

आता आमच्या गावची बढाई, माफ करा पण मारणारच. राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद, त्याचा एक ताम्रपट आमच्या वणी-दिंडोरीकडे सापडलेला आहे, इसवी ८०७-८०८ च्या सुमाराचा. त्यात त्याच्या बापाचं म्हणजे ध्रुवाचं कौतुक असं केलंय की वत्सराज नावाच्या प्रतिहार राजाने गौडाच्या राजाकडून जी दोन छत्रं मिळवली होती, शरदातल्या चांदण्यासारखी पांढरी, ती ध्रुवाने त्याच्याकडून हिसकावून आणली. म्हणजे बाराशे वर्षांपूर्वी दिंडोरी तालुक्यातल्या तांब्याच्या पत्र्यावर "गौड" हे नाव कोरलेलं आहे! आणि त्याच गोविंदाचा दुसरा एक ताम्रपट कोल्हापूरकडे नेसरीला मिळाला, ८०५ चा, त्यात तिकडच्या धर्मपाल राजाला वंगालचा राजा म्हटलंय. दोन्ही नावं आपल्याकडे जुनीच आहेत. फक्त त्या ताम्रपटांत जादूबिदू काही नाही, तिथे गौड म्हणजे सरळ शत्रूचं राज्य, छत्र हिसकावण्याच्या लायकीचं. जादूचा वास नंतर लागला, आणि तो नाथांच्या गोष्टींनी लागला असं माझं मत.

माईंच्या मैनावतीबद्दल एक राहिलं. बांगलादेशात कुमिल्ला शहराजवळ मैनामती नावाच्या टेकड्या आहेत, जुने बौद्ध विहार सापडलेत तिथे, आणि नाव ह्याच राणीवरून सांगतात. गोपीचंदाची गाणी तिकडच्या खेड्यात लोक गायचे, ग्रियर्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रंगपूरकडे ऐकून १८७८ ला छापली पण होती. तेव्हा पंचवटीतली पोथी आणि रंगपूरचे गाणारे एकच गोष्ट सांगत होते, मधे दीड-दोन हजार किलोमीटर.

---

सिडको_सम्राट

पोस्ट वाचून पहिल्यांदा काय आठवलं तर लोकलच्या डब्यातले स्टिकर. "बंगाली बाबा, प्रेमभंग, सौतन, कोर्टकचेरी, घरबसल्या समाधान". बाबा बंगालीच का असतो, बाबा सिन्नरकर का नसतो, ह्याचं उत्तर आज मिळालं 😂

---

ओझरचा_निवृत्त

मी काकांच्या वाक्याबद्दल बोलतो. ते म्हणाले गौडबंगाल म्हणजे गूढ. अजिबात नाही.

आपल्या जिल्ह्यात अधूनमधून काय होतं बघा. दुपारची वेळ, एकदम धडाम्म आवाज, खिडक्यांची तावदानं थरथरतात, कुत्री भुंकायला लागतात, निफाडपासून सिन्नरपर्यंत फोनाफोनी, तुमच्याकडे पण आला का. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा "गूढ आवाजाने परिसर हादरला". पेपरवाले कधीच "आवाजाचं गौडबंगाल" असं छापत नाहीत. का नाही छापत?

आवाज कशाचा हे आम्हा ओझरच्या लोकांना बहुतेक वेळा माहीत असतं. १९६४ पासून इथे विमानांचा कारखाना आहे, आधी मिग, मग सुखोई. चाचणीचं विमान आवाजापेक्षा जास्त वेगाने गेलं की हवेतल्या दाबाच्या लाटा एकमेकींवर चढून एकच मोठा तडाखा जमिनीवर येतो. लोकांचा समज असा की विमान आवाजाच्या वेगाची भिंत फोडतं त्या एका क्षणाला आवाज होतो आणि संपलं. तसं नसतं. जोपर्यंत त्या वेगात आहे तोपर्यंत तडाखा विमानाच्या मागोमाग जमिनीवरून सरकत जातो, म्हणून निफाडवाल्याला आधी ऐकू येतो, सिन्नरवाल्याला थोड्या वेळाने, आणि दोघांना वाटतं आपल्याच गावात फुटलं काहीतरी. आणि वर बघाल तर काही दिसत नाही कारण आवाज पोचेपर्यंत विमान कुठल्या कुठे गेलेलं असतं.

सगळेच आवाज विमानाचे असतात असं म्हणत नाहीये मी. पेठ, सुरगाणा, कळवणच्या दळवटकडे जमिनीतून गुरगुर येते ती बारीक भूकंपाच्या धक्क्यांची, ती वेगळी. पण विमान असो की भूकंप, कुणी आपल्याला फसवायला आवाज काढत नाहीये. म्हणून गूढ. टँकरचं बिल आपोआप वाढत नाही. ते कुणीतरी लिहिलेलं असतं. म्हणून गौडबंगाल. खजिनदार चिडले त्यात नवल नाही.

---

नाशिकरोडचा_बंड्या

ओझरचे काका हे भारी सांगितलंत 🙏 म्हंजे गौडबंगाल म्हटलं की त्याच्यामागे माणूस आलाच?

---

शब्दवेडी

हो आलाच. आणि मला हेच ह्या शब्दात सगळ्यात आवडतं. मराठीत न कळणाऱ्या गोष्टीला शब्द कमी नाहीत, गूढ, अतर्क्य, अगम्य, चमत्कार, आक्रीत, पण बोट दाखवणारा शब्द हा एकच. बाकीचे सगळे आभाळाकडे बघतात, हा खजिनदाराकडे बघतो.

गूढचं सांगते कारण काका आणि खजिनदार दोघंही त्याच्यावर भांडले. संस्कृतात गुह् म्हणजे झाकणे, लपवणे. त्याचं झालेलं रूप गूढ, म्हणजे झाकलेलं. त्याच धातूपासून गुहा, गुह्य. आपली पांडवलेणी म्हणजे गुहाच, तर ती आणि पेपरातला "गूढ आवाज" ही सख्खी भावंडं झाली की! ह् चा ढ कसा झाला विचाराल तर मुह् चा मूढ होतो, रुह् चा रूढ होतो, तसाच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांना गूढपुरुष म्हटलंय. हेर काही अतर्क्य नसतो, तो असतो आपल्यातच, फक्त साधूच्या नाहीतर व्यापाऱ्याच्या वेषात झाकलेला. म्हणून मराठीत गूढ "उकलतं" किंवा "उलगडतं". वस्तू तिथेच असते, वरचं पांघरूण काढायचं. अतर्क्य उकललं असं कुणी म्हणतं का? नाही. कारण तर्क चालतच नाही तिथे असं आधीच सांगून टाकलेलं असतं, कठोपनिषदात आत्म्याबद्दल अतर्क्य म्हटलंय, टँकरबद्दल नाही.

चमत्कारची तर गंमतच आहे. संस्कृतात चमत् हा उद्गार आहे, आपण "अहाहा" नाहीतर "अरेच्चा" म्हणतो तसा. नमस्कार म्हणजे नमः म्हणणं, तसा चमत्कार म्हणजे चमत् म्हणणं. व्ही. राघवन हे मोठे अभ्यासक, त्यांचं म्हणणं की काहीतरी चटकदार खाल्ल्यावर जिभेचा जो टक्क आवाज निघतो तोच हा. मिसळीचा पहिला घास घेतल्यावर निघतो ना, तो! काव्यशास्त्रवाले हजार वर्षं हा शब्द ऐकणाऱ्याच्या आनंदासाठी वापरत होते, काश्मीरचा अभिनवगुप्त तर रसिकाच्या निर्विघ्न अनुभवालाच चमत्कार म्हणतो. म्हणजे चमत्कार घडायचा तो बघणाऱ्याच्या आत. आपण उचलून तो बाहेर नेऊन ठेवला, भिंत चालली हा चमत्कार, रेडा बोलला हा चमत्कार. आणि "चमत्कारिक" चं तर पारच वाटोळं केलं, "त्यांचा स्वभाव जरा चमत्कारिकच आहे" हे काही कौतुकाने म्हणत नाही आपण. हिंदीत अजून चांगल्या अर्थाने चालतो, म्हणून हिंदीभाषक माणसाला "तुम्ही चमत्कारिक आहात" म्हटलं की तो थँक्यू म्हणतो 😄

आश्चर्यसुद्धा तसंच. पाणिनीचं सूत्रच आहे "आश्चर्यमनित्ये". जे नेहमी घडत नाही ते आश्चर्य. देव नाही भूत नाही, फक्त नेहमीचं नाही. किती कोरडा माणूस.

---

सिडको_सम्राट

चमत्काराशिवाय नमस्कार नाही ही म्हण आता नव्याने कळली.

---

तालुका_कोर्टातला_कारकून

बंड्या, मिटिंगचं बोलू. गौडबंगाल हा शब्द तोंडी ठीक आहे पण मिनिट्समध्ये लिहू नका. लिहिलात की वाद शब्दावर जाईल आणि बिलं बाजूला राहतील, मी हे कोर्टात रोज बघतो, मुद्दा राहतो बाजूला आणि दोन पक्षकार "माझा अपमान केला" ह्यावरच तासन् तास. लिहायचं काय तर "तफावत आढळली". वॉचमनची वही, टँकरवाल्याच्या पावत्या, बँकेचं स्टेटमेंट असं समोरासमोर लावा, तारीखवार. टँकरवाल्याच्या पावतीवर गाडीनंबर असतो तो वहीतल्या नंबराशी ताडून बघा, बहुतेक तिथेच कळतं. आणि रात्रीचा टँकर वॉचमन झोपल्यामुळे वहीत चढलाच नाही, असंही असू शकतं बरं का, तेव्हा खजिनदारांना लगेच फासावर चढवू नका.

जाता जाता एक. २०१३ चा जादूटोणा विरोधी कायदा आहे ना आपल्या राज्याचा, दाभोलकरांच्या खुनानंतर आधी वटहुकूम आणि मग डिसेंबरात विधिमंडळात मंजूर झालेला, त्यात "तथाकथित चमत्कार" करून दाखवून पैसे मिळवणं, लोकांना ठकवणं हा गुन्हा आहे. कायद्याने शब्द चमत्कार घेतला, पण वर्णन वाचलं तर ते हुबेहूब गौडबंगालचं आहे. मसुदा करणाऱ्याला हा शब्द सुचला नाही का सुचून गाळला कुणास ठाऊक. मला आवडला असता.

---

गणपती_दूध_९५

चमत्काराचा विषय निघालाच आहे तर २१ सप्टेंबर १९९५ कुणाला आठवतो का? आम्ही शाळेत होतो, अर्धी शाळा रिकामी, वाटी-चमचा घेऊन सगळे देवळात. रांग पार रस्त्यावर. मी स्वतः चमचा धरलेला सोंडेला, दूध गेलं! नंतर सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं की मूर्ती पीत नाही, दूध पृष्ठताणाने चमच्यातून ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थर होऊन खाली ओघळतं, पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध दिसत नाही इतकंच. देवळाच्या मागच्या मोरीत दुधाचा पाट वाहत होता तो आम्ही पोरांनी पाहिलेला, पण त्या दिवशी कुणाला सांगायची सोय नव्हती.

तर ह्याला काय म्हणणार, चमत्कार, गूढ का गौडबंगाल? माझ्या मते गौडबंगाल नाही, कारण कुणी एकाने बसून केलेलं नव्हतं ते.

---

पेठचा_पाहुणा

तुम्ही चकवा विसरले. आमच्याकडं अजून म्हणतात, चकवा लागला. रात्रीचं रानातून येताना माणूस फिरून फिरून त्याच आंब्याखाली येतो. म्हातारी माणसं सांगायची घाबरायचं नाही, खाली बसायचं, तांबडं फुटलं की वाट आपोआप दिसती. लोकं म्हणायची भूत फिरवतं. पण मागं वाचलं होतं की जर्मनीतल्या लोकांनी २००९ साली हे करून बघितलं, माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात चालत सोडलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर सरळ गेली, आभाळ आलं की गोल फिरायला लागली आणि त्यांना वाटतंय आपण सरळच चाललोय. डोळे बांधले तर वीसेक मीटरच्या गोलातच फिरायची काही. म्हंजे म्हाताऱ्यांनी उजाडेस्तोवर बसा सांगितलं ते बरोबरच होतं, कारण भुताचं नव्हतं, उजेडाचं होतं.

चकवा मात्र चकवण्यावरूनच आला असणार ना? कुणीतरी चकवतंय. म्हंजे हा पण बोट दाखवणाराच शब्द झाला, फक्त माणसाकडं नाय, भुताकडं.

---

शब्दवेडी

@पेठचा_पाहुणा मान्य, चांगला मुद्दा. माझ्या यादीत दुरुस्ती करून घेते, बोट दाखवणारे दोन. हिंदीतला चकवा वेगळा बरं, तो चक्रवाक पक्षी, नांदूरमध्यमेश्वरला हिवाळ्यात येतो तो नारिंगी बदकासारखा. त्याचा आणि रानातल्या चकव्याचा संबंध नाही, कुणीतरी आता जोडणारच म्हणून आधीच सांगते.

---

त्र्यंबकचा_वाटाड्या

नाथांचं एवढं चाललंय आणि त्र्यंबकचं नाव नाही? ब्रह्मगिरीवरच निवृत्तिनाथांना गहिनीनाथ भेटले, वाट चुकून गुहेत शिरले तेव्हा, असं आपल्याकडे सांगतात. समाधी त्र्यंबकमध्येच. आणि सिंहस्थ झाला की नाथपंथी जोग्यांची झुंडी त्र्यंबकहून पायी निघते ती थेट मंगळूरजवळच्या कद्री मठापर्यंत, महिनोन् महिने चालत, तिथे बारा वर्षांसाठी नवा महंत गादीवर बसतो. आता पुढचा सिंहस्थ आलाच आहे, बघायला मिळेल. कानात कुंडलं, गळ्यात शिंगी, आणि अशीच माणसं गावोगाव गोपीचंदाची गाणी म्हणत फिरायची. शब्द पुस्तकातून कमी आणि ह्यांच्या झोळीतून जास्त आला असणार. वणीकरांशी सहमत.

---

कोलकाता_रिटर्न

उशिरा येतोय पण बंड्याच्या शेजारीण बाईंसाठी लिहितोच. नोकरीमुळे मी कोलकात्यात राहिलो आहे आणि तिथल्या ऑफिसात मी एकदा हाच शब्द वापरला, हिशोबाच्या एका फाईलबद्दल, आणि मग समजावून सांगता सांगता नाकी नऊ आले. लोक चिडले नाहीत, हसले. कारण त्यांच्याकडे जादूला, हातचलाखीला शब्द आहे "भोजबाजी". क्षणात नाहीसं झालं तर म्हणतात भोजबाजीसारखं गेलं. भोज कोण? तर आपला धारचा राजा भोज, माळव्याचा, अकराव्या शतकातला! त्याच्या नावावर जादूविद्या लावून टाकलीये, भोजविद्या म्हणतात. आणि दुसरा शब्द "भानुमतीचा खेळ", ती भानुमती म्हणे ह्या भोजाचीच मुलगी, जादूत बापापेक्षा वरचढ. हिंदीतला भानुमतीचा पिटारा तुम्ही ऐकला असेलच.

म्हणजे बघा, आपल्याला न कळणारी गोष्ट बंगालात होते आणि बंगाल्यांना न कळणारी गोष्ट माळव्यात. धार कुठे, तर आपल्या द्वारका सर्कलवरून आग्रा रोड पकडा, धुळं, सेंधवा, पुढे धामणोदवरून आत वळा. सकाळी निघाला तर संध्याकाळचा चहा धारमध्ये. तिकडून बघितलं तर जादूवाले आपल्या शेजारचेच की. जादू नेहमी लांबच्या गावाला ढकलायची ही सगळ्यांचीच रीत दिसते. आपण सरळ काम फिरवून फिरवून करण्याला द्राविडी प्राणायाम म्हणतो, आणि ब्राह्मणांच्या जुन्या पंचगौड-पंचद्रविड वाटणीत महाराष्ट्र बसतो द्रविडांत, हे किती जणांना माहितीये?

बंड्या, शेजारीण बाईंना सांग की शब्द बंगालच्या बदनामीसाठी नाही, बंगालच्या दबदब्यातून आलाय. आणि त्यांना माझ्यातर्फे एक विचार, त्यांच्या घरी आजी-मावश्या भानुमतीचा खेळ म्हणायच्या का नुसतं भेलकी (हा पण जादूलाच शब्द) म्हणायच्या, कारण माझ्या ऑफिसातले निम्मे एक म्हणायचे आणि निम्मे दुसरं, फरक मला शेवटपर्यंत कुणी सांगितला नाही.

---

नाशिकरोडचा_बंड्या

विचारतो नक्की. बाईंना आत्ताच लिंक पाठवली, भोजबाजी वाचून त्यांचा फोनच आला, खूप हसत होत्या, पण भेलकीचं विचारायचं राहिलं. मिटिंग रविवारी आहे, कारकून साहेबांच्या सल्ल्याप्रमाणे गाडीनंबर ताडायला घेतलेत. वॉचमनचं अक्षर लागत नाहीये, ३ आणि ८ एकसारखेच काढतो तो.